मिरगाला लावू नका: कोकणात गोल्डन रॉड जगवायची आणि फुलवायची पद्धत

जूनचे पहिले दोन पाऊस पडले की माझ्याकडे एकच प्रश्न येतो: "गोल्डन रॉडची रोपं आणली, आता लावू ना?" ऑगस्टमध्ये त्याच माणसाचा दुसरा प्रश्न येतो: "बुडातून काळी पडून मेली, काय करू?" या दोन प्रश्नांच्या मध्ये जे काही घडतं, तेवढ्यासाठी हा लेख आहे.

गोल्डन रॉड म्हणजे दादरच्या फुलबाजारात गुच्छांत भरायला घेतात ती पिवळ्या तुऱ्यांची काडी. झाड मूळचं उत्तर अमेरिकेच्या थंड मुलखातलं आणि बहुवर्षायू. कडक हिवाळ्यात वरचा भाग वाळतो, जमिनीतल्या कंदमुळांतून वसंतात पुन्हा फुटतं. आपल्याकडे बर्फ नाही, पण तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आहे. लोकांना वाटतं की हे झाड कोकणातल्या उन्हाने मरतं. उन्हाने मेलेलं झाड मी क्वचितच पाहिलंय. मरतं ते मुळाशी तुंबलेल्या पाण्याने आणि चार महिने न वाळणाऱ्या पानांनी.

त्यामुळे कोकणात याचं वेळापत्रक भाताच्या उलट आहे. भात मिरगाला पेरतात, हे उत्तरा नक्षत्राच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरच्या मध्याला लावायचं. पण लावणीची तयारी मात्र एप्रिल-मेमध्येच सुरू होते, आणि नेमकी तीच गाळली जाते.

## आधी एक खात्री: हातात आहे ते गोल्डन रॉडच आहे ना?

सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावर, श्रावण-भाद्रपदात पिवळंधमक काही दिसलं की लोक उपटून आणतात. ती सोनकी असते, नाहीतर कवला. दोन्ही पावसाळी झाडं, हंगाम संपला की मरणारी. त्यांना कुंडीत जगवायचा प्रयत्न फुकट जातो, आणि सड्यावरची झाडं उपटायचीही नसतात. गोल्डन रॉडचं पान लांबट, टोकदार, किंचित खरखरीत. तुऱ्यात शेकडो बारीक फुलं, एकेक जेमतेम काही मिलिमीटरचं, आणि ती फांदीच्या वरच्या बाजूला ओळीने बसलेली. बुडाशी माती उकरली तर जमिनीखालून आडवे धावणारे पांढरट-गुलाबी फुटवे दिसले पाहिजेत. ते नसतील तर झाड दुसरं काहीतरी आहे.

बियांच्या पाकिटाच्या वाटेला जाऊ नका. बी धुळीसारखं बारीक असतं, उगवायला उजेड लागतो म्हणून मातीआड करता येत नाही, आणि आपल्या दमट हवेत उघड्यावरचं बी बुरशीने जातं. वर संकरित जातीचं बी आईसारखं झाड देईलच असं नाही. फुटवेच घ्या. शेवंतीवाले ज्याला काशा म्हणतात, तेच हे.

## १. एप्रिल-मे: जागा आणि माती

जागेला दिवसात किमान सहा तास थेट ऊन हवं. नारळी-पोफळीच्या आगरात, झावळ्यांच्या चाळणीतून येणाऱ्या उन्हात काडी उंच होते पण लुळी, आणि तुरा विरळ. समुद्र जवळ असेल तर पश्चिमेकडून आडोसा बघा: सुरूची रांग, दगडी गडगा, नाहीतर झाडांची जिवंत वई (कुंपण). खारा वारा थेट लागला की पानांच्या कडा करपतात, आणि लोक त्याला रोग समजून औषधं मारत बसतात.

मग निचरा तपासा. ही तपासणी एका सकाळची आहे आणि दहातले नऊ जण ती करत नाहीत. फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा काढा. पाण्याने भरा, जिरू द्या. पुन्हा भरा आणि तासाभराने पट्टी घालून बघा. पाणी तासाला अडीच ते पाच सेंटीमीटर उतरलं तर जागा ठीक. बोटभरही उतरलं नाही तर खाली जांभ्याचा कातळ आहे. तिथे जमिनीत लावायचंच नाही, कातळावर वाफा उचलायचा किंवा मोठ्या कुंड्या वापरायच्या.

जांभ्याची तांबडी माती बहुतेक ठिकाणी आम्ल असते. या झाडाला साधारण ६ ते ७ सामू (pH) चालतो. माती तपासून घेतली असेल तर अहवालाप्रमाणे चुना घाला. तपासली नसेल तर चौरस मीटरला दोन मुठी शेतीचा चुना किंवा डोलोमाइट, त्याहून जास्त नाही. वीतभर खोल खणून मिसळा.

सावधान: चुना आणि शेणखत एका दिवशी घालू नका. दोन्ही एकत्र आले की खतातला नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जातो. नाकाला झोंबणारा वास आला की समजायचं, खत हवेत चाललंय. दोन्हींत निदान तीन आठवडे हवेत. आपल्या वेळापत्रकात चुना मेमध्ये आणि खत सप्टेंबरमध्ये, त्यामुळे प्रश्नच उरत नाही.

खणलेली जागा पावसाळ्यात उघडी ठेवू नका. वर झावळ्या किंवा चुडतं आडवी घाला, नाहीतर ताग पेरा आणि ऑगस्टमध्ये फुलायच्या आत गाडा. उघड्या मातीवर कोकणातला पाऊस पडला की वरची चांगली माती व्हाळात (ओढ्यात), खाली राहतात खडे.

## २. जुलैचा शेवट: फुटवे वेगळे करणे

मातृझाडं तुमच्याकडे असतील तर ती जूनपासून पडवीत, पावसाआड असणार (शेवटच्या टप्प्यात त्याबद्दल आहे). नसतील तर ओळखीच्या माणसाकडून किंवा रोपवाटिकेतून याच सुमारास आणा. मी पहिल्या वर्षी एका रोपवाटिकेतून मे महिन्यात फुललेल्या कुंड्या आणल्या होत्या, फुलं बघून भुललो. फुललेलं झाड आणणं म्हणजे दमलेला बैल विकत घेणं. फुलं नसलेली, बुडाशी भरपूर कोवळे फुटवे असलेली कुंडी उचला.

वेगळं करताना:

झाड आदल्या दिवशी पाणी देऊन ठेवा. दुसऱ्या दिवशी कुंडीतून गड्डा काढा, माती हाताने सोडवा. कोयत्याने गड्डा फोडू नका; धारदार छोट्या सुरीने एकेक फुटवा मातृमुळापासून सोडवा. घ्यायचा फुटवा तो, ज्याला स्वतःची पांढरी मुळं आहेत आणि जो ८-१० सेंटीमीटर उंच आहे. मधला जुना, लाकडी झालेला भाग फेकून द्या. बऱ्याच जणांना तोच "मुख्य झाड" वाटतो आणि ते तोच पुन्हा लावतात. त्यातून पुढे काही येत नाही.

मुळं नसलेले पण चांगले फुटवे उरले तर शेंड्याची ७-८ सेंटीमीटरची छाटं करून वाळूत लावा. खालची पानं काढा, वर झाकण द्या. दोनतीन आठवड्यांत मुळं धरतात.

मुळांवर प्रक्रिया करायची तर एकच निवडा: ट्रायकोडर्मा किंवा रासायनिक बुरशीनाशक. एका बादलीत दोन्ही कालवणारे मी पाहिलेत. ट्रायकोडर्मा स्वतःच रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी आहे. बुरशीनाशक आधी तिलाच मारतं. घरच्या पन्नास-शंभर रोपांना मी शेणखतात मिसळलेला ट्रायकोडर्माच वापरतो.

पिशवीत भरायचं मिश्रण: दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग नदीची वाळू. मूठभर जळक्या तुसाची राख चालते.

सावधान: चौपाटीची वाळू नको, धुतलेली असली तरी नको. आणि नारळाच्या सोडणाचा भुसा, ज्याला कोकोपीट म्हणतात, तोही थेट नको. किनाऱ्यावर सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवतात, मीठ आत राहतं. तीनदा गोड्या पाण्यात भिजवून पिळल्याशिवाय वापरू नका.

पिशव्या छपराखाली ठेवा, पण उजेडात. पडवीची कड चालते, पागोळीची रेघ चालत नाही. पागोळीचं पाणी एकाच जागी धपाधप पडतं. पिशवीतली माती बाहेर आणि रोपाचं बूड उघडं. पाणी बोटाने तपासून द्या. हवा दमट असते, त्यामुळे पिशवी वरून कोरडी दिसली तरी आत ओल असते.

तपासणी: तीन आठवड्यांनी एखादी पिशवी हळूच उलटी करा. मुळं पांढरी आणि कडेला आलेली असतील तर ठीक. तपकिरी, ओढली की साल निसटणारी असतील तर पाणी जास्त होतंय. दोन दिवस पाणी बंद करा, पिशवीला खाली आणखी भोकं पाडा.

## ३. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा: वाफा बांधणे

गौरी-गणपतीच्या धामधुमीत हे राहून जातं, मला माहीत आहे. पण विसर्जनानंतर लगेच उघडीप बघून हे काम करा. गणपती उशिरा असतील तर आधी करा.

गादीवाफा मीटरभर रुंद, लांबी हवी तितकी, उंची कोकणात निदान ३० सेंटीमीटर. घाटावरचे लोक १५ सेंटीमीटरवर भागवतात आणि तेच आकडे इथे वाचले जातात. हस्ताचा पाऊस अजून यायचा असतो. जागा कातळावर असेल तर ४५ सेंटीमीटर करा आणि कडेला जांभ्याचे चिरे लावा, म्हणजे माती सरकणार नाही. दोन वाफ्यांच्या मधली चर उताराच्या दिशेने मोकळी सोडा; बंद चर म्हणजे लांबट तळंच.

चौरस मीटरला दोन-तीन किलो कुजलेलं शेणखत. अर्धवट कुजलेलं घातलं तर हुमणी येते, आणि मग अळी मुळं खात असताना वरून पाणी घालणारा माणूस म्हणतो "रोप कोमेजतंय, पाणी कमी पडतंय". शेणखत कुजलंय की नाही हे कळायला मुठीत घ्या: शेणाचा वास येत असेल, गरम लागत असेल, तर नाही.

युरिया सुरुवातीला घालू नका. या झाडाला नत्र जास्त झाला की काडी उंच, पोकळ आणि लोळणारी होते. तुऱ्यापेक्षा पानंच जास्त.

इथे एक गोष्ट विसरू नका: या झाडाला रोखायची व्यवस्था लावायच्या आधी करायची. कॅनडा गोल्डन रॉड युरोप आणि चीनमध्ये बेसुमार पसरून डोकेदुखी झालं आहे. फुटव्यांनी बाजूला सरकतं आणि एका झाडाचं हजारो हलकं बी वाऱ्यावर जातं. आपले कातळसडे आधीच नाजूक आहेत, तिथली काही पावसाळी फुलं दुसरीकडे कुठे मिळत नाहीत. तेव्हा वाफ्याला चारी बाजूंनी ३० सेंटीमीटर खोल पत्रा किंवा चिऱ्यांची उभी रांग घाला. सड्याला लागून असलेल्या परसात जमिनीत लावूच नका, बूड असलेल्या कुंडीत लावा.

## ४. सप्टेंबरचा मध्य: लावणी

संध्याकाळी लावा. दोन रोपांत आणि दोन ओळींत ३० सेंटीमीटर अंतर. मीटरभर वाफ्यात तीन ओळी. लोकांना मोकळी जागा बघवत नाही आणि ते वीतभर अंतरावर रोपं दाटीने लावतात. दमट किनाऱ्यावर दोन झाडांमधली हवा हेच अर्धं औषध आहे. ३० सेंटीमीटर जास्त वाटत असेल तर मध्ये काही लावू नका, नुसतं बघत बसा. तीन महिन्यांत झाडं ती जागा भरून काढतात.

रोप पिशवीत होतं तितकंच खोल. कोंब गाडला तर कुजतो. माती दाबा, पण पायाने नाही. पाणी द्या, आणि मग भाताचा पेंढा किंवा सोडणाचे तुकडे दोन बोटं जाड पसरवा. बुडाशी दोन बोटं जागा मोकळी ठेवा. आच्छादन खोडाला चिकटलं की गोगलगाई तिथे वस्तीला येतात आणि एका रात्रीत कोवळा शेंडा नाहीसा होतो. रात्री टॉर्च घेऊन जा, वेचा, मिठाच्या पाण्यात टाका. बागेत मीठ पसरू नका, आपल्या मातीला मिठाची गरज नाही.

तपासणी, दहाव्या दिवशी: शेंड्यात नवीन दोन पानं दिसतायत का? दिसत असतील तर रोप बसलं. सकाळीही मान टाकलेली असेल तर एक रोप उपटून मूळ बघा. दुपारी मान टाकून संध्याकाळी उभं राहत असेल तर काही करू नका.

## ५. ऑक्टोबर: काडीची लांबी, म्हणजे उजेडाचा हिशेब

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ज्यांची झाडं जगतात त्यांची तक्रार पुढची असते: "फुलं आली, पण काडी वीतभर. गुच्छात जाईना."

गोल्डन रॉड दिवसाची लांबी मोजतं. दिवस मोठा असला तर दांडा उंच करतं. दिवस लहान झाला की उंची सोडून कळी धरतं. मूळ मुलखात उन्हाळ्याचा दिवस पंधरा-सोळा तासांचा असतो, तिथे ते भरपूर वाढतं आणि शरदात फुलतं. रत्नागिरीला जूनमधला सगळ्यात मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास, आणि डिसेंबरात अकरा. म्हणजे आपल्याकडे झाडाला कायम "आता फुलायला हवं" असंच वाटत राहतं. ऑक्टोबरात दिवस बारा तासांच्या खाली उतरतो आणि लहान रोपही तुरा काढायला बसतं.

घराच्या शोभेसाठी लावलं असेल तर हे सोडून द्या. बुटकं, फुललेलं झाड कुंडीत छान दिसतं.

काडी कापून विकायची असेल तर लावणीनंतर आठवड्याने, पुढचे चार आठवडे, रात्री १० ते २ उजेड द्या. संध्याकाळी दिवस वाढवण्यापेक्षा मध्यरात्री अंधार तोडणं स्वस्त पडतं. झाड खरं म्हणजे रात्रच मोजतं. पिवळसर उजेडाचे साधे दिवे वाफ्यापासून दीड मीटर उंचीवर, दर दोन-अडीच मीटरला एक. काडी गुडघ्याएवढी झाली की दिवे बंद. त्यानंतर साधारण सहा-आठ आठवड्यांत तुरा.

सावधान: ऑक्टोबरात गडगडाटी पाऊस येतो. उघड्या होल्डरवर वायर टाकून दिवे लावू नका. पाणी न शिरणारे होल्डर, आणि मेनवर शॉक रोखणारं ब्रेकर असल्याशिवाय हा उद्योग नको.

याच्याच उलट एक कोडं. एका शेजाऱ्याचं झाड डोक्याएवढं झालं, हिरवंगार, पण तुरा नाही. खत झालं, पूजा झाली. संध्याकाळी गेलो तेव्हा कळलं: कुंडी पडवीच्या कोपऱ्यात, आणि डोक्यावर रात्रभर जळणारा दिवा. कुंडी परसात हलवली, आणि कळ्या दिसल्या. रस्त्यावरच्या खांबाखालच्या वाफ्यालाही हेच होतं.

शेंडा खुडायचा का? कुंडीत खुडा, एकदाच, पाच-सहा पानांवर. झाड भरगच्च होतं. कापायच्या काडीसाठी खुडू नका. खुडलं की काड्या जास्त येतात पण बारीक, आणि बाजारातून बारीक काडी परत येते.

## ६. नोव्हेंबर: आधार, पाणी, रोग

तुरा जड असतो. कार्तिकातला एक उशिरा पाऊस आला की काड्या आडव्या होतात, आणि आडवी झालेली काडी दोन दिवसांत शेंडा वर वळवून वाकडी होते. ती सरळ होत नाही. म्हणून झाडं गुडघ्याखाली असतानाच वाफ्याच्या कोपऱ्यांत माणग्याच्या (बांबूच्या) काठ्या रोवा आणि जाळी किंवा सुतळीची चौकट आडवी ताणा. झाडं वाढतील तशी वर सरकवा. पडल्यावर बांधायला जाणाऱ्यांच्या हातात अर्ध्या काड्या मोडतात.

पाणी बुडाशी, सकाळी. वरून फवारलेलं पाणी आपल्या हवेत दुपारपर्यंत पानावर राहतं. विहीर समुद्राजवळची असेल तर फेब्रुवारीनंतर पाणी चाखून बघा. मचूळ लागलं की ते पाणी कुंड्यांना नको.

रोगांत दोनच नेहमीचे. पानाखाली नारिंगी पूड दिसली तर तांबेरा: ती पानं तोडून जाळा, कंपोस्टात नाही. पानावर पांढरी भुकटी दिसली तर भुरी, थंडीच्या धुक्यात येते. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळी. भर दुपारी किंवा कडक उन्हात गंधक फवारलं की पानं भाजतात, आणि कडुलिंबाचं तेल मारून दोन आठवडे झाले नसतील तर गंधक मारूच नका. मावा शेंड्याला लागतो. आधी पाण्याच्या जोरकस धारेने पाडून बघा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं, आणि फुलांवर येणाऱ्या सातेरी मधमाश्याही वाचतात. तुरा उमलायला लागल्यावर कुठलंही औषध नको.

मधमाश्यांवरून आठवलं. "या फुलाने शिंका येतात" असं सांगून बरेच जण ते घरात घेत नाहीत. याचे परागकण जड आणि चिकट, कीटकांनी वाहायचे. हवेत उडत नाहीत. तिकडे अमेरिकेत याच हंगामात रॅगवीड नावाचं तण फुलतं, शिंका त्याच्या, नाव याचं. आपल्या गाजर गवताने ज्यांच्या अंगावर पुरळ येतं, त्यांनी मात्र हे हाताळताना हातमोजे घाला. दोन्ही एकाच कुळातली आहेत.

## ७. डिसेंबर: कापणी

कापायची वेळ चुकली तर चार महिने पाण्यात. तुऱ्यातली साधारण अर्धी फुलं उमललेली आणि उरलेल्या कळ्या पिवळ्या झालेल्या, तेव्हा कापा. हिरव्या कळ्यांवर कापलेली काडी पाण्यात ठेवल्यावर पुढे फारशी उमलत नाही. पूर्ण उमलल्यावर कापली तर दोन दिवसांत तपकिरी, मग बियांचा पांढरा कापूस.

सकाळी लवकर, दव सुकल्यावर पण ऊन चढायच्या आत. बुडापासून ५-७ सेंटीमीटर ठेवून धारदार कात्रीने. बादली वाफ्यापाशी आधी नेऊन ठेवलेली असू द्या. काडी कापली की लगेच पाण्यात. काड्या जमिनीवर ढीग करून मग एकदम घरी नेणं ही नेहमीची चूक. खालची एक तृतीयांश पानं काढा. या फुलाची पानं तुऱ्याआधी पिवळी पडतात, आणि गिऱ्हाईक फूल शिळं समजतं. सावलीत तीन-चार तास पाणी पिऊ द्या, मगच जुड्या बांधा. रोज पाणी बदललं आणि देठ अर्धा बोट कापला तर फुलदाणीत आठवडाभर आरामात टिकतं.

वाळवायचं असेल तर तुरा पूर्ण उमलायच्या जरा आधी काढा, पाच-पाच काड्यांच्या जुड्या माळ्यावर काळोखात उलट्या टांगा. हे डिसेंबर ते फेब्रुवारीतच जमतं. मार्चनंतर हवेत पुन्हा ओल चढते आणि जुडीच्या मध्ये बुरशी धरते.

या फुलांचा चहा करून प्यायचा का, असं कुणीतरी विचारतंच. फवारणी झालेल्या वाफ्यातलं काहीही पोटात घालायचं नाही.

सावधान: न कापलेले तुरे झाडावर ठेवू नका. पांढरा कापूस दिसायच्या आत कापून जाळा. कापलेल्या काड्या आणि उपटलेले फुटवे व्हाळात, पाणंदीला किंवा सड्यावर टाकू नका. ओल मिळाली की फुटवा तिथेच जीव धरतो.

## ८. जानेवारी ते मे: दुसरा बहर

सगळ्या काड्या कापून झाल्या की उरलेलं झाड जमिनीलगत, ५ सेंटीमीटर ठेवून छाटा. काहींना हे जिवावर येतं आणि ते अर्धवट छाटतात. मग जुन्या काडीवर किरकोळ फांद्या येतात आणि बुडातून जोरदार फुटवा येतच नाही. छाटल्यावर वाफ्यावर बोटभर गांडूळखत, वर नवा पेंढा, आणि नियमित पाणी. प्रत्येक झाडाला चार-पाच जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढा. मार्च-एप्रिलात दुसरा बहर येतो. काडी आखूड आणि तुरा लहान असेल, होळी-पाडव्याच्या सजावटीला चालेल.

एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी पानं मलूल होतात. वर झावळ्यांची विरळ सावली करा, पण फक्त या दोन महिन्यांपुरती. एकाच वाफ्यात दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवू नका. मधली झाडं लाकडी होतात आणि कडेचेच फुटवे फुलतात.

## ९. मेचा शेवट: मातृझाडं पडवीत

पाऊस यायच्या आधी, वळवाच्या पहिल्या गडगडाटालाच हे उरका. वाफ्यातली सर्वात निरोगी आठ-दहा झाडं निवडा. सगळ्यात उंच नव्हे, तर ज्यांच्या पानांवर वर्षभर तांबेरा दिसला नाही ती. निवड डिसेंबरात, फुलं असतानाच, काडीला सुतळी बांधून करून ठेवावी. मेमध्ये सगळी सारखीच दिसतात. छाटताना त्याच झाडाच्या बुडाशी खूण ठेवायला विसरू नका. सुतळी बांधलेली काडीच कापून टाकणाऱ्यांत मी एकदा होतो.

गड्ड्यासह उचला, जुना लाकडी भाग कापा, आठ-दहा इंची कुंडीत लावा आणि पडवीत, पागोळीच्या आत, विटांवर उचलून ठेवा. कुंडीखाली बशी नको. आठवड्यातून एकदा-दोनदाच पाणी. पानं पिवळी पडून झाड निम्मं झालं तरी घाबरून खत घालू नका. वाफ्यात उरलेली झाडं पावसावर सोडा. काही जगतील, बरीच जातील. जुलैच्या अखेरीस कुंडीची माती बोटाने बाजूला करून बघा. कडेला गुलाबी टोकं दिसली की दुसऱ्या टप्प्याची सुरी काढायची वेळ झाली.